उजव्या बाजूचं पाणी

१

चाचणी छाप ओली असतानाच मारेशसाहेबांनी ती दिव्याखाली धरली आणि गप्प झाले. मारेशसाहेब ओरडले तर आमच्या छापखान्यात कोणी फारसं मनावर घेत नाही. ते गप्प झाले की लोक यंत्रं थांबवतात.

"झोरा," ते शेवटी म्हणाले, "इकडे ये. तुझे डोळे तरुण आहेत. काय दिसतंय सांग."

मी भिंग लावलं. आमच्या लोककथांतल्या भीतीदायक मंडळींवर टपाल तिकिटांची नवी मालिका निघायची होती, तिच्यातलं हे शेवटचं तिकीट. भर दुपारी शेतात येणारी पोलेद्नित्से, संध्याकाळच्या घंटेनंतर रस्त्यावर राहिलेल्या पोरांना धरणारी क्लेकानित्से आणि जंगलात किंचाळणारा हेयकल हे तिघे आधीच सुरेख छापून झाले होते. राहिला होता तळ्यातला वोदनिक. तो वाळुंजाच्या बुंध्यावर आपल्याकडे तोंड करून बसला होता. तोंडात पाईप, अंगात लांब कोट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली, शेजारी झाकणं घातलेली मडकी. बुडालेल्यांचे जीव तो त्या मडक्यांत कोंडून ठेवतो. चेहरा असा, की मी भिंग क्षणभर बाजूला केलं. तो रागावलेला नव्हता, नुसता बघत होता.

"उत्तम आहे," मी म्हणाले.

"कोट बघ."

कोटाच्या खालच्या टोकातून पाणी ठिबकत होतं. एकेक थेंब केसाएवढ्या रेषांनी कोरलेला. मी आधी माझा हात त्याच्या हातासारखा धरून खात्री केली, मग वर पाहिलं. पाणी त्याच्या कोटाच्या उजव्या टोकातून ठिबकत होतं.

आमच्याकडे हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. वोदनिक माणसाचं रूप घेतो, बाजारात येतो, भाव करतो, बिअर पितो, आणि ओळखायचा एकाच खुणेवरून: त्याच्या कोटाचं डावं टोक कायम ओलं असतं. आजी बाजारात न्यायची तेव्हा मी अनोळखी माणसांच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्यांच्या कोटाच्या डाव्या टोकाकडे बघत असे. सगळी मुलं बघतात. उजवीकडून गळणारा वोदनिक म्हणजे सोंड मागे असलेला हत्ती.

"उलटं कोरलंय," माझ्या खांद्यावरून दालिबोर कोस म्हणाला. तो आमच्याकडचा खोदकाम करणारा कलावंत. "आरशाची चूक."

पोलादी ठसा आरशातल्यासारखा उलटा कोरावा लागतो, तेव्हा छाप सुलटी येते. त्यामुळे उजव्याडाव्याचा घोळ झाला की आमच्याकडे कोणीही झोपेतसुद्धा सांगेल, आरशाची चूक.

"पहिल्या वर्षाच्या पोराने केली तर त्याला हसतात," दालिबोर म्हणाला. "दुसऱ्या वर्षाच्या पोराने केली तर त्याला घरी पाठवतात."

"आणि बेनेदा मास्तरांनी केली तर?" मी विचारलं.

ओत्मार बेनेदांनी सगळं आयुष्य पोलाद कोरण्यात घालवलं. नाताळानंतर ते गेले, तेव्हा या मालिकेचे ठसे पुरे करूनच गेले, असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. सांगणारी व्यक्ती खोलीच्या दाराशीच उभी होती. योहाना, त्यांची शिष्या. मास्तर गेल्यावर त्यांच्या कार्यशाळेतून ठसे पेटीत घालून तिनेच प्रागला आणले होते.

मारेशसाहेब तिच्याकडे वळले. आवाज अगदी मऊ होता.

"योहाना, मास्तरांचा खरा ठसा कुठे आहे?"

२

आरोप सरळ होता. बेनेदांच्या हातचं शेवटचं काम म्हणून संग्राहक त्या ठशावर जीव टाकतील. योहानाने तो कोणाला तरी दिला, त्याच्या जागी स्वतः नवा कोरून ठेवला आणि घाईत शिकाऊ चूक केली. गुरुवारी तिकीट समिती बसणार होती. समितीने हे मानलं, तर या देशात योहानाच्या हातात पुन्हा कोणी पोलाद देणार नव्हतं. आणि तिला दुसरं काही येत नव्हतं, यावंसं वाटतही नव्हतं.

"पोलिसांना बोलवायचं नाही," मारेशसाहेब मला म्हणाले. "तू धातू शिकलेली आहेस. बघ, काही कळतंय का. कळलं नाही तरी निदान आपण विचारलं असं होईल."

माझं काम कागद, शाई आणि पोलाद तपासण्याचं. माणसं मी कधी तपासली नव्हती.

योहाना भोजनगृहात सूप गार करत बसली होती.

"ठसा मास्तरांचाच आहे," मी बसायच्या आत ती म्हणाली.

"मग पाणी उजवीकडे कसं?"

"आहे तसं आहे."

"योहाना, हे उत्तर नाही झालं."

"माहितीये."

"तू कोरलास?"

"मला तसा कोरता आला असता, तर मी आज इथे रडत नाही, नाचत असते." ती रडत नव्हती, पण पावाचा तुकडा कुस्करून तिने त्याची माती केली होती. "तो चेहरा बघितलास ना? तो मला दहा जन्म जमणार नाही."

"मग समितीला सांग, मास्तर चुकले."

तिने झटकन वर पाहिलं. "मास्तर चुकलेले नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे सूप गार झालं," असं म्हणून ती ताट उचलून निघून गेली.

मला तिचा राग आला. जी व्यक्ती स्वतःला वाचवायला तयार नाही, ती एकतर दोषी असते नाहीतर दुसऱ्या कोणाला तरी वाचवत असते. यातलं कुठलं हे मोजायचं उपकरण माझ्याकडे नव्हतं.

दालिबोर मात्र भरभरून बोलला.

"मला फायदा आहे, लपवून काय करू? ती गेली की पुढची मालिका माझ्याकडे. लिहून घे हवं तर."

"तू मास्तरांकडे शेवटचा कधी गेला होतास?"

"तळ्यांतले मासे काढतात ना, त्या सुमारास. शरद संपत आलेला. पण मास्तरांनी दारातूनच पिटाळलं. आत कोणीतरी बसलेलं. मांडीपर्यंत रबरी बूट, फरशीवर ही एवढी चिखलाची रांगोळी! मास्तरांच्या पत्नी अपोलेनाकाकू माझ्या बुटाला चिमूटभर माती लागली तरी मला बाहेर उभं करतात. मी म्हटलं, मास्तर, हा कोण? तर म्हणाले, माझं काम चाललंय, नंतर ये."

"चेहरा पाहिलास?"

"पाठ होती. मासेवाला असेल. पण मासेवाल्याबरोबर मास्तरांचं कसलं काम?"

त्या दुपारी मी ठसा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि दिवा जवळजवळ आडवा केला. पोलादावर एखादी रेषा खरवडून काढली की तिथे किंचित खळगा राहतो. आडव्या उजेडात तो लपत नाही. कोटाच्या डाव्या टोकाशी खळगा नव्हता. म्हणजे पाणी आधी डावीकडे कोरून मग कोणी हलवलं, असं नव्हतं. ते पहिल्यापासून उजवीकडेच होतं. रेषांचं वळण मास्तरांचं होतं, पण योहानाचं वळणही मास्तरांचंच. तिने ते त्यांच्याकडूनच घेतलेलं.

मग मी समितीने मंजूर केलेलं मास्तरांचं मूळ चित्र मागवलं आणि छापेशेजारी ठेवलं.

चित्रात पाणी डावीकडून गळत होतं. पण मला धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. चित्रातला वोदनिक बेडकासारखा होता, गोल डोळे, पसरट तोंड. तिकिटावरचा लांबट, हाडकुळा होता आणि त्याची एक भुवई जुन्या जखमेने मधोमध तुटलेली होती.

तो कल्पनेतला चेहरा नव्हता. तो कोणाचा तरी होता.

३

मास्तरांच्या गावाला, व्रबोव्काला जाणारी गाडी तळ्यांच्या मधून जाते. मार्च सुरू झाला होता, पण कडेच्या सावलीत बर्फ अजून करड्या सायीसारखा पडून होता.

अपोलेना बेनेदोवांनी मला स्वयंपाकघरात बसवलं, पुढे खसखशीचा केक ठेवला आणि मी पहिला घास घेईपर्यंत थांबल्या.

"योहानाने पाठवलं का तुला?"

"नाही काकू. मारेशसाहेबांनी."

"म्हणजे तिच्याविरुद्ध."

"मी कोणाच्याच विरुद्ध नाही. काय झालं ते शोधतेय."

"हं. आमचे हेही असंच म्हणायचे, आणि मग तासन्‌तास जेवायला यायचे नाहीत." त्यांनी माझ्या बशीत न विचारता दुसरा तुकडा ठेवला. "कार्यशाळा बघायचीय ना? थंडी आहे तिथे. ते गेल्यापासून मी शेगडी पेटवत नाही."

मी माझा ओला कोट त्यांच्या चुलीजवळ वाळत टाकला होता. त्यांनी खुंटीवरचा मास्तरांचा जाड कामाचा कोट काढून माझ्या अंगावर घातला. कार्यशाळेत खिडकीपाशी बाक, त्यावर कातडी उशी आणि समोर उभा केलेला छोटा आरसा. मास्तर कोरताना ठसा त्या आरशात बघत, म्हणजे उलटं काम सुलटं दिसे.

"एवढ्या जवळ आरसा ठेवून कोण चुकेल?" मी म्हणाले.

"ते नाही चुकले."

"योहानाही असंच म्हणाली."

गारठा हाडांत जात होता. मी कोटाची बटणं लावायला गेले आणि बोटं अडखळली. बटण जिथे असायला हवं तिथे काज होतं, काज हवं तिथे बटण. मी खाली बघून पुन्हा प्रयत्न केला.

"पुरुषाचा कोट आहे बाई," काकू हसल्या. "त्यांची डावी बाजू वर येते, आपली उजवी. लग्नानंतर वर्षभर मी त्यांची बटणं लावताना चुकायचे."

माझा हात तिथेच थांबला.

खिशात चाचणी छाप होती. ती काढून मी खिडकीशी नेली. वोदनिकाच्या कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, आणि डावी बाजू वर, उजवी खाली. जशी पुरुषाच्या कोटाची असते तशी.

ठसा कोरणारा कलावंत चित्र पारदर्शक कागदावर उतरवतो आणि तो कागद पालथा घालून पोलादावर रेषा घेतो. पालथा घालायला विसरला तर सगळंच उलटं होतं. नुसतं पाणी नाही. बटणंही उलटी होतात, वोदनिक बाईचा कोट घालून बसतो. अक्षरं वेगळ्या कागदावरून उतरवतात, ती सुलटी आली यावरून काहीच ठरत नाही, म्हणून त्यांच्याकडे आम्ही लक्ष दिलं नव्हतं. पण बटणं कोटाबरोबरच उतरतात. आणि बटणं बरोबर होती.

आरशाला निवड करता येत नाही. तो कोट सोडून नुसतं पाणी फिरवू शकत नाही.

आम्ही सगळे छापखान्यातले लोक. उजव्याचं डावं दिसताक्षणी आम्ही आरशाचं नाव घेतलं आणि पुढे बघायचंच राहिलं.

"काकू," मी म्हणाले, "हे चुकून झालेलं नाही. कोणीतरी ठरवून पाणी उजवीकडे घेतलंय."

"केक घे," काकू म्हणाल्या. पण आम्ही स्वयंपाकघरात नव्हतो, आणि माझ्या हातात बशी नव्हती.

४

मी छाप त्यांच्यासमोर धरली. "हा चेहरा कोणाचा आहे?"

"वोदनिकाचा."

"मंजूर चित्रात वेगळा होता."

"कोरताना बदलतं."

"भुवई तुटते का कोरताना?"

त्यांनी छापेकडे बघायचं टाळलं. आणि टाळताना त्यांची नजर खिडकीबाहेर गेली. एकदा गेली असती तर मला काही वाटलं नसतं. मी चेहऱ्याबद्दल पुन्हा विचारलं, ती पुन्हा तिथेच गेली. खिडकीतून तळ्याचा बांध दिसत होता, त्यावरची ओकची रांग, आणि दूर टोकाला पाणी सोडायच्या दरवाजावरची लाकडी खोपटी.

मांडीपर्यंत रबरी बूट. फरशीवर चिखल. काकूंनी तो चिखल येऊ दिला होता. म्हणजे येणाऱ्याला नाही म्हणणं त्यांना जड गेलं असणार, आणि मास्तरांचं 'काम' त्या माणसाशिवाय होणार नव्हतं. चेहरा समोर बसवूनच काढतात.

"मी जरा पाय मोकळे करून येते," मी म्हणाले.

"झोरा." त्यांनी पहिल्यांदाच मला नावाने हाक मारली. "त्याला त्रास देऊ नकोस. त्याला खूप दिलाय लोकांनी."

बांधावर वारा होता. खोपटीजवळ एक उंच म्हातारा लांब दांड्याच्या आकडीने दरवाजाच्या जाळीत अडकलेला पाला ओढत होता. आखूड जाकीट, कमरेपाशी संपणारं. माझ्या पावलांचा आवाज त्याने ऐकला असणार, पण पाला काढून संपेपर्यंत तो वळला नाही.

मग वळला. आणि मी तिकिटावरच्या माणसाला "नमस्कार" म्हणाले.

५

त्यांचं नाव शिमोन कुनेश. तळ्याचे राखणदार, वडिलांनंतर तेच.

"प्रागहून?" त्यांनी माझ्या अंगावरचा मास्तरांचा कोट ओळखला. "अपोलेनाने कोट दिला म्हणजे तू चोर नाहीस. बस. खुर्ची नाही, बादली आहे."

मी बादली पालथी करून बसले आणि छाप दिली. त्यांनी ती हात लांब करून धरली.

"चष्मा घरी आहे. पण ही मी पाहिलेली आहे."

"कधी?"

"नाताळाच्या आधी. ओत्मारने स्वतः हाताने एक काढली होती, मला दाखवायला. म्हणाला, शिमोन, बघ, पाळलं की नाही?"

"काय पाळलं?"

त्यांनी छाप परत केली आणि बराच वेळ पाण्याकडे बघितलं. उपकरण स्थिर व्हायच्या आधी आकडा वाचायचा नसतो, एवढं मला येतं.

"मी तुझ्याएवढा होतो," ते म्हणाले. "हिवाळा. पाववाल्याची धाकटी बर्फावर घसरत होती. मी इथे, दरवाजापाशी. ती तिथे, त्या बेटाकडे. बर्फ फुटला. मी धावलो, पण बर्फावर माणूस किती धावणार? मी पोचलो तेव्हा नुसतं भोक होतं." त्यांनी भुवईला हात लावला. "हे तेव्हाचं. आत हात घालून शोधत होतो, कडेला आपटलो."

"तुमची काय चूक होती त्यात?"

"काहीच नाही. सगळे हेच म्हणाले. पाववालासुद्धा. पण वसंतात मी बाजारात गेलो, तर एक पोरगं माझ्या कोटाकडे बघत होतं. डाव्या टोकाकडे. मग दुसरं. मग त्यांच्या आया. हसायच्या, पण बघायच्या. तळ्यावरच्या माणसाचा कोट ओला असणारच की गं! ते बघून पोरं पळायची. घरी आलो, कोट चुलीत घातला. तेव्हापासून जाकीट. जाकिटाला टोक नसतं."

"आणि मास्तर?"

"ओत्मार म्हणाला, मला तुझा चेहरा हवाय. बेडकाचं तोंड काढून काढून कंटाळलोय, म्हणाला, बेडकाला कोण भिणार? मी त्याला शिव्या दिल्या. तो रोज यायचा. शेवटी म्हटलं, घे चेहरा. पण पाणी डावीकडून गळायचं नाही. गावात सगळे ओळखतील, ओळखू देत. पण ज्याला कळतं त्याला कळेल, की हा तो नव्हे."

वारा थांबला होता. मी त्यांना योहानाचं सांगितलं. आरोप, समिती, गुरुवार.

"ओत्मारची पोरगी?" ते उठून उभेच राहिले. "तिला ठाऊक आहे सगळं. मी बसायचो तेव्हा ती कोपऱ्यात कोरण्यांना धार लावायची."

"म्हणूनच ती बोलत नाहीये."

"मूर्ख आहे."

"तुम्ही याल का समितीसमोर?"

"मी?" ते असं म्हणाले, जणू मी त्यांना चंद्रावर बोलावलं होतं. "मी प्रागला सैन्यात असताना गेलो होतो. नाही. आणि माझं नाव तिथे घ्यायचं नाही. वर्तमानपत्रात येईल. मग पोरांच्या सहली येतील माझा कोट बघायला."

"मी तसं कबूल करत नाही, कुनेशकाका."

"का?"

"कारण ते मला पाळता येईल की नाही, हे मला माहीत नाही."

त्यांनी आकडी उचलली आणि पुन्हा जाळीकडे वळले. पाला आता उरलाच नव्हता, तरी ते ओढत राहिले.

६

गुरुवारी समितीच्या अध्यक्षा पोकोर्नाबाई, मारेशसाहेब, दालिबोर आणि योहाना टेबलाभोवती बसले होते. मी छाप पडद्यावर मोठी करून दाखवली आणि म्हणाले, "कृपया सगळ्यांनी आपापल्या बटणांकडे बघा."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मारेशसाहेबांचं एक बटण तुटलेलं होतं, ते त्यांना तेव्हा कळलं.

मी बटणांचं सांगितलं, पालथ्या कागदाचं सांगितलं. आरसा सगळं फिरवतो, निवडून फिरवत नाही. म्हणजे घाईतली शिकाऊ चूक हा आरोप टिकत नाही. नकली ठसा करणाऱ्याने मंजूर चित्रावरून तो जसाच्या तसा केला असता; त्याला चेहरा बदलायचं कारण नव्हतं आणि सगळ्या देशाला ठाऊक असलेली खूण मुद्दाम चुकवण्याचं तर मुळीच नव्हतं. चोर लक्ष वेधून घेत नाही.

दालिबोरने कपाळावर हात मारला. "मी नुसतं पाणी बघितलं. एवढी वर्षं कोट कोरतोय मी, आणि कोट बघितलाच नाही."

"छान," पोकोर्नाबाई म्हणाल्या. "म्हणजे मुद्दाम केलं. पण मास्तरांनी की हिने? आणि का? कारण कळल्याशिवाय मी ही फाईल बंद करू शकत नाही. योहाना?"

"मास्तरांनी केलं."

"का?"

"ते सांगण्याचा हक्क माझा नाही."

"मुली, तुझं सगळं पुढचं आयुष्य या टेबलावर आहे."

"दिसतंय मला," योहाना म्हणाली.

पोकोर्नाबाई माझ्याकडे वळल्या. "तुला माहीत आहे?"

"हो."

योहानाने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. नको. मी बादलीवर बसून शोधलेलं उत्तर माझ्या जिभेवर होतं. ते बरोबर होतं, पुराव्याला धरून होतं, आणि त्याने एक माणूस वाचणार होता, दुसरा उघडा पडणार होता. शिकताना मला वाटायचं, खरं काय ते सापडलं की काम संपतं.

"एक साक्षीदार आहे," मी सावकाश म्हणाले. "त्याने मास्तरांच्या हयातीत हीच छाप पाहिलेली आहे. मी त्याला पुन्हा एकदा विचारायला जाते. मला आजचा दिवस द्या."

"समिती आज आहे."

"मग मला..."

दार वाजलं. पहारेकऱ्याने डोकं आत घातलं. "साहेब, खाली एक गृहस्थ आलेत. बसायला सांगितलं तर बसत नाहीत, आणि..." तो घुटमळला. "आणि ते तिकिटावरच्यासारखे दिसतात."

७

कुनेशकाका आत आले ते टोपी दोन्ही हातांत धरून. आखूड जाकीट, पण बूट रबरी नव्हते. लग्नाकार्याचे होते, आणि चावत असावेत. त्यांनी पोकोर्नाबाईंना वाकून नमस्कार केला आणि मला पाहिलंच नाही असं दाखवलं.

जे मला सांगितलं होतं तेच त्यांनी सांगितलं, फक्त कमी शब्दांत. पाववाल्याच्या मुलीपाशी आल्यावर थांबले आणि मग ती मधली जागा सोडून पुढे गेले. ओत्मारने शब्द दिला होता. नाताळाआधी छाप दाखवली. पाणी याच बाजूला होतं. पोरीने काही केलेलं नाही.

मारेशसाहेब उठून योहानाजवळ गेले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि शेवटी तिच्या पुढ्यातला पाण्याचा पेला भरून दिला. भरलेल्या पेल्यातच भर घातल्याने पाणी टेबलावर सांडलं. ती पहिल्यांदा हसली.

"तुझ्याविरुद्ध काही उरलं नाही," पोकोर्नाबाई तिला म्हणाल्या. "लेखी कळवेन. पण आता हा ठसा? असा छापला तर देशातली सगळी पोरं आम्हाला पत्र लिहितील. मंजूर चित्रावरून नवा कोरावा लागेल. बेडूकतोंड्या."

"नको," योहाना म्हणाली. "मास्तरांचा आहे तो."

"मग काय करू?"

"मला बघू द्या जरा," कुनेशकाका म्हणाले. आज चष्मा आणला होता. त्यांनी पडद्यावरच्या स्वतःच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो खिडकीएवढा मोठा होता. "पोलादावर पुढे काही करता येतं का? की झालं ते झालं?"

"अजून भट्टीत घालून कठीण केलेला नाही," मी म्हणाले. "खरवडता येतं, मागून ठोकून सपाट करता येतं, पुन्हा कोरता येतं."

"मग डावीकडे घ्या."

योहाना उभी राहिली. "काका, मास्तरांनी शब्द दिलाय."

"मला दिलाय ना? मी तो परत केला."

"माझ्यासाठी करताय. मला नकोय तसं. मी सुटले आता."

"तुझ्यासाठी प्रागला आलो. हे तुझ्यासाठी नाही." ते खुर्चीवर बसले आणि चावणारा बूट टाचेतून सैल केला. "गाडीत विचार करत होतो. बसून दुसरं काय करणार? या फेब्रुवारीत शाळेची पोरं बेटाकडे निघाली होती, बर्फावरून. बर्फ सडलेला. मी बांधावरून ओरडलो. राखणदार ओरडतोय म्हणून पोरं थांबतात होय? उलट हसतात. पण त्यांतल्या एकाने मला ओळखलं आणि किंचाळला, वोदनिक! आणि सगळी अशी काठाकडे पळाली..." त्यांनी हाताने दाखवलं. "ओत्मारला हे सांगायला हवं होतं. तोवर तो गेला होता."

पोकोर्नाबाईंनी मारेशसाहेबांकडे पाहिलं. मारेशसाहेबांनी होकारार्थी मान डोलावली.

दुपारी योहाना खोदकामाच्या खोलीत बाकाशी बसली. उजवीकडचे थेंब तिने खरवडले, ठसा पालथा करून मागून हलकेच ठोकला, घासला. मी आडवा दिवा धरून खळगा तपासत होते. मग तिने मास्तरांची कोरणी घेतली आणि श्वास रोखून डाव्या टोकाशी पहिली रेषा टाकली. कुनेशकाका गाडीची वेळ होईपर्यंत तिच्यामागे उभे होते. आपल्याला उलटंच दिसतंय अशी त्यांची तक्रार होती, म्हणून मी त्यांना आरसा धरून दिला.

"पोरं घाबरतील ना?" त्यांनी विचारलं.

"घाबरतील," योहाना मान वर न करता म्हणाली.

"मग जरा जास्त गळू दे."